अनुदान नंतर मागा, आधी जुन्या दवाखान्याची फाईल तयार करा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सोलापुरात आमच्या पेठेतल्या पालिकेच्या जुन्या दवाखान्यावर 'धोकादायक इमारत, आत प्रवेश करू नये' असा फळा लागलाय आणि तेव्हापासून गल्लीत सारखं एकच ऐकू येतंय, "पाडून नवीन बांधतील की ओ काका, बरंच की." कुणी जरा थांबून विचारलंच की दुरुस्ती का नाही करत, तर उत्तर ठरलेलं, पालिकेकडे पैसा कुठाय. माझी सगळी नोकरी सरकारी हिशेबाच्या टेबलावर गेली. अनुदान कसं येतं, कुठं अडतं आणि मार्चअखेर न वापरता कसं परत जातं हे मी जवळून बघितलंय, म्हणून हे पत्र लिहितोय. पैसा नाही हे अर्धंच खरं आहे. पैसा मागायला जे कागद लागतात ते या इमारतीचे कुणी तयारच केलेले नाहीत, आणि ते तयार नसले तर मुंबई-दिल्लीत कितीही ओळखी असल्या तरी एक रुपया येत नाही.

आधी इमारत कशी आहे ते सांगतो, कारण फळा वाचून लोकांना वाटतं आता काहीच राहिलेलं नाही. खाली काळ्या पाषाणाचं जोतं, भिंती दगडाच्या आणि घाणीच्या, म्हणजे बैलघाणीत मळलेल्या, चुन्याच्या, दीड हात तरी जाड. वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर चुना-विटांचा कोबा. पुढच्या पडवीवर मंगळुरी कौलं. एप्रिल-मे मध्ये बाहेर पारा ४३-४४ ला टेकलेला असताना आत पंखा नसला तरी बसवत होतं, हे ज्यांनी तिथं केसपेपरच्या रांगेत लहान लेकरं घेऊन उभं राहिलंय त्या सगळ्या बायका सांगतील. आता बिघडलंय काय? तर मागच्या बाजूची पन्हळ तुटून किती पावसाळे गेले, गच्चीचं सगळं पाणी एकाच कोपऱ्यातून भिंतीत उतरतंय, तिथंच पिंपळ रुजलाय आणि त्याची मुळं आता दगडाच्या सांध्यातून आत गेलीत. ज्या दोन तुळयांची टोकं त्या ओल्या भिंतीत बसलीत ती टोकं कुजलीत. मी दारातून वाकून जेवढं दिसतं तेवढं बघितलंय, बाकीच्या तुळया सरळ आहेत, समोरच्या कमानींना साधी भेगसुद्धा नाही. म्हणजे एक कोपरा आजारी आहे आणि फळा सगळ्या इमारतीला लागलाय.

आता धोकादायक ठरवण्याबद्दल. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेल्या बांधकामाबद्दल नोटीस देता येते आणि ते बरोबरच आहे, माणसाच्या जिवापेक्षा भिंत मोठी नाही, फळा लावला यात माझी काही तक्रार नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, इमारतीचे वर्ग असतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आमचा दवाखाना यातल्या कोणत्या वर्गात बसतो हे फळ्यावर लिहिलेलं नाही. आणि ऑडिट करायला जे लोक येतात त्यांच्याकडे बहुतेक वेळा रिबाउंड हॅमर असतो, काँक्रीटवर ठोकून त्याची ताकद बघायचं यंत्र. ते काँक्रीटसाठीच बनवलंय. दगड-चुन्याच्या भिंतीवर ते ठोकून काय आकडा येणार आणि त्याचा अर्थ काय लावणार? अशा इमारतीला जुन्या बांधकामातलं कळणारा इंजिनिअर पाहिजे, जो लाकडात सुई टोचून बघेल, चुना हातात चुरून बघेल, भिंत ओळंब्यात आहे का ते बघेल. एवढं करून तो सी-१ म्हणाला तर मी गप्प बसेन.

पैसा कुठून येणार ते आता लिहितो. सोलापूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. खुद्द महापालिकेची इंद्रभुवन, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली, तिच्या दर्शनी बाजूचं कोरीव काम आपण सगळे जाता-येता बघतो, तिच्या संवर्धनाचं काम केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनमधून झालं. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये पहिल्याच यादीतल्या २० शहरांत होतं म्हणून ते जमलं. ते मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, म्हणजे ती खिडकी बंद. भैय्या चौकात, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं घर आपल्याच पालिकेने स्मारक म्हणून उभं केलं, चीनवरून पाहुणे येऊन ते बघून जातात. म्हणजे जुनी वास्तू सांभाळायचं काम या गावाला येत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पण दोन्ही वास्तू नावाजलेल्या होत्या. दवाखाना, शाळा, बाजाराची मंडई, पाण्याच्या टाकीजवळचं दगडी ऑफिस, अशा बिननावाच्या इमारतींसाठी कोण धावणार हा प्रश्न आहे.

वित्त आयोगाच्या अनुदानावर फार आशा ठेवू नये असं माझं मत आहे, त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधलेला असतो आणि आपल्याकडे पाणी किती दिवसाआड येतं हे माहिती असताना तो पैसा दुसरीकडे वळवा असं मीही म्हणणार नाही. पुरातत्त्व खात्याकडे गेलं तर ते विचारणार, राज्य संरक्षित स्मारक आहे का? नाही. मग त्यांचा हात बांधलेला. जिल्हा नियोजन समितीकडे मात्र मागता येतं, पालकमंत्री अध्यक्ष असतात, आमदार-खासदार तिथं बसतात आणि दवाखाना हा आरोग्याचा विषय असल्यामुळे तिथं आपली बाजू भक्कम आहे. राज्याच्या नगरोत्थान महाअभियानातून मागायचं तर स्वहिस्सा, म्हणजे पालिकेचा स्वतःचा वाटा, दाखवावा लागतो, तो बजेटमध्ये नसेल तर प्रस्ताव पहिल्याच टेबलावरून परत येतो.

सगळ्यात जास्त आशा मला सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशात, वाटते आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ म्हणतं की ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची. ती कशावर करता येते त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि त्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती आणि स्थळांचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे. आरोग्यसेवाही त्याच यादीत आहे. म्हणजे जुना दवाखाना दुरुस्त करून परत दवाखाना म्हणूनच चालवायचा असेल तर तो दोन्हीकडून बसतो. वर कायदा असंही सांगतो की कंपनीने ज्या भागात ती काम करते त्या भागाला आधी प्राधान्य द्यावं. आपल्या जिल्ह्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, साखर कारखाने तर गल्लोगल्ली मोजावेत इतके आहेत, त्यातले सहकारी सोडा, त्यांना हे कलम लागत नाही, पण जे खासगी कंपन्या आहेत त्यातल्या नफ्यातल्यांना लागतं. चिंचोळी एमआयडीसीत कंपन्या आहेत, बँका आहेत. यांच्याकडे कुणीतरी जाऊन नीट प्रस्ताव ठेवला पाहिजे. आणि हो, केंद्राचा राष्ट्रीय सांस्कृतिक निधी आहे, १९९६ पासून, तिथं देणगीदार सांगू शकतो की माझा पैसा अमुक वास्तूलाच लावा, त्याला इन्कम टॅक्समध्ये सूटही मिळते. पुण्या-मुंबईत, परदेशात जाऊन मोठी झालेली कितीतरी सोलापूरची घरं आहेत, त्यांना गावासाठी काही करायचं असतं पण पैसा कुठं जाईल याची खात्री नसते.

पण यातल्या कुठल्याही दारात गेलं की पहिला प्रश्न तोच, कागद दाखवा. आणि इथं मी जरा तपशिलात जाणार आहे, वाचकांनी कंटाळू नये, सगळी गोम इथंच आहे.

पहिलं म्हणजे मालकी. आपली महापालिका झाली १९६४ ला, त्याआधी नगरपालिका होती. जुन्या इमारतींच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून काय नाव आहे, हद्दीत कुणाचं अतिक्रमण आहे का, शेजारच्याने भिंत ओढून घेतलीय का, हे आधी बघावं लागतं. कुठलाही देणारा मालकीत वाद असलेल्या जागेवर पैसा लावत नाही. नोकरीत असताना एका संस्थेची चांगली मंजूर झालेली इमारत मी नुसत्या उताऱ्यावरच्या जुन्या नावामुळे अडलेली बघितलीय, पैसा खात्यात आला होता, वर्ष उलटलं, व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून रद्द झाला, परत गेला आणि पुन्हा आलाच नाही.

दुसरं, वारसा यादी. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, वारसा इमारतींची तरतूद आहे, श्रेणी एक, दोन, तीन अशी वर्गवारी आहे, हरकती-सूचना मागवून यादी करायची पद्धत आहे. आमचा दवाखाना त्या यादीत आहे का, असेल तर कोणत्या श्रेणीत, नसेल तर घालायला काय अडचण, एवढं पालिकेने सांगावं. यादीत नाव असलं की सीएसआरवाल्याला त्याच्या बोर्डापुढं दाखवायला कागद मिळतो, नाहीतर 'ऐतिहासिक' हा शब्द नुसता आपण म्हणतो म्हणून कुणी कसा मानेल?

तिसरं आणि सगळ्यात किचकट म्हणजे मोजमाप, नकाशे आणि एस्टिमेट. इथं संवर्धन वास्तुविशारद लागतो, नेहमीचा नाही. कारण असं की पालिकेचा इंजिनिअर एस्टिमेट करतो डीएसआरवरून, सार्वजनिक बांधकामच्या दरसूचीवरून. त्यात सिमेंट आहे, टाइल्स आहेत, स्टील आहे. घाणीच्या चुन्याने दरजा, म्हणजे दगडांचे सांधे, भरणे, कुजलेल्या तुळईचं टोक कापून तेवढाच नवा सागवानी तुकडा जोडणे, कोबा उकरून परत बडवणे, या कामांचे दर तयार मिळत नाहीत, त्याचं दर पृथक्करण करून, म्हणजे सामान-मजुरी सुटी मांडून दर काढून, वेगळी मंजुरी घ्यावी लागते. त्या भानगडीत पडायला कुणी तयार नसतं. मग काय होतं, सोपं पडतं म्हणून सिमेंटचं प्लास्टर धरतात आणि मोकळे होतात.

आणि सिमेंटनेच या इमारती मरतात हो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि उन्हात बाहेर सोडते, तिच्यावर सिमेंट थापलं म्हणजे घामाघूम माणसाला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारखं होतं. ओल आतच कोंडते, क्षार फुटतात, दगडाच्या कडा झडायला लागतात आणि भिंतीत बसलेली लाकडं आतल्या आत कुजतात, वरून भिंत मात्र रंगवलेली छान दिसते. आमच्या दवाखान्याच्या त्याच मागच्या कोपऱ्यात खालून पुरुषभर उंचीपर्यंत कधीतरी सिमेंट मारलेलं आहे, आणि तुळया नेमक्या तिथंच कुजल्यात, बाकी जिथं जुना चुना तसाच आहे तिथं भिंत कोरडी आहे. कुणीही जाऊन हात लावून बघावं. म्हणून अनुदान आलं आणि त्यातून सगळीकडे सिमेंट मारलं तर ते न आलेलं बरं, इतकं स्पष्ट मी लिहितो.

चुन्याचं काम करणारे कारागीर आता कुठं मिळतात असं विचारतात. मिळतात. मंदिरांची, वाड्यांची कामं करणारी माणसं आपल्या भागात आहेत, चुना भिजवून मुरवायचा कसा, त्यात गूळ-बेलफळाचं पाणी कधी घालायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. फक्त टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला द्यायचं आणि त्याला असल्या कामाचा अनुभव आहे का हे विचारायचंच नाही, या पद्धतीत ती माणसं कधी आत येत नाहीत. टेंडरमध्ये अनुभवाची अट घालता येते, नियमात बसतं ते.

मग आता लगेच काय करता येईल? माझी मागणी कोटींची नाहीच. चालू बजेटमध्ये या इमारतीच्या नावाने एक स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं वेगळं खातं, उघडून त्यात थोडी का होईना तरतूद करावी, टोकन म्हणा. लेखाशीर्ष असलं की पुढं बाहेरून येणारा पैसा घ्यायला जागा होते आणि स्वहिस्साही दाखवता येतो. त्या तरतुदीतून मोजमाप, नकाशे आणि प्रकल्प अहवाल करून घ्यावा. सोलापुरात आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, पोरं मोजमापाला आनंदाने येतील, वरून बघायला जाणकार माणूस पाहिजे एवढंच. आणि अहवाल होईपर्यंत पिंपळ मुळासकट काढणे, नुसता छाटणे नाही, छाटला की तो दुप्पट फोफावतो, पन्हळ बसवणे, तुळयांची ती दोन कुजकी टोकं टेकू लावून धरणे आणि पडवीची फुटलेली कौलं बदलणे, एवढं पावसाच्या आत व्हायला पाहिजे. त्याला कुठलं अनुदान लागत नाही, देखभाल-दुरुस्तीच्या हेडमधून होतं. हे केलं नाही तर पुढच्या वर्षीचं एस्टिमेट यावर्षीपेक्षा नक्की वाढणार आणि मग कुणीतरी म्हणणार, एवढ्या पैशात तर नवीन होते.

नवीन होते यावरही थोडं. आरसीसीचा नवा दवाखाना बांधायचा तर जुनी पाडायची, राडारोडा उचलायचा, परवानग्या, मग बांधकाम, मग उद्घाटनाची वाट. तोपर्यंत आमच्या पेठेतल्या विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरची माणसं लेकराला ताप आला तर रिक्षा करून लांब जातात किंवा खासगीत पैसे मोजतात. दवाखाना सध्या दोन खोल्यांत दुसरीकडे हलवलाय, तिथं बसायला बाक नाही. त्यामुळे माझी इच्छा संग्रहालयाची नाही, तिथं परत ओपीडी चालू व्हावी, लसीकरण व्हावं, मागच्या खोलीत औषधं असावीत. जी इमारत रोज वापरात असते तिची पन्हळ तुटली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोलतं. आणि देणाऱ्या कंपनीलाही पुढची देखभाल कोण करणार याचं उत्तर त्यातच मिळतं, तो प्रश्न ते विचारतातच.

हिशेबाचा माणूस म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. पहिला हप्ता आला की त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असा दाखला, वेळेत गेलं पाहिजे, ते गेलं नाही की दुसरा हप्ता थांबतो, काम अर्धवट राहतं, उघडी पडलेली गच्ची पावसात भिजते आणि इमारत आधी होती त्यापेक्षा वाईट होते. यासाठी एक जबाबदार अधिकारी नावानिशी नेमावा, त्याची बदली झाली तर फाईल कुणाकडे गेली हे कळावं. आणि आलेला-गेलेला पैसा इमारतीबाहेर फळ्यावर लिहावा, धोकादायकचा फळा लावायला जागा होती तशी याला पण आहे.

६ एप्रिल १९३० ला याच गावच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता, पुढच्या महिन्यात मार्शल लॉ लागला, चार जण फासावर गेले, दरवर्षी १२ जानेवारीला आपण त्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला जमतो. त्या काळात या गावातल्या माणसांना पालिकेची इमारत आपली वाटत होती, इंग्रजाची नाही, म्हणून झेंडा तिथं लावावासा वाटला. आमचा दवाखाना त्या इतिहासात कुठं येत नाही, पण तो त्याच पालिकेचा आहे आणि लोकांच्याच करातून उभा राहिलाय, एवढं नातं मला पुरे आहे.

आमच्या गल्लीतल्या तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणाऱ्या सगळ्या घरांच्या सह्या घेऊन एक अर्ज आम्ही विभागीय कार्यालयात दिलाय, त्याची पोच आमच्याकडे आहे. त्यात तीनच गोष्टी विचारल्यात, ऑडिटचा अहवाल बघायला मिळावा, वारसा यादीतली स्थिती कळावी आणि पिंपळ व पन्हळीचं काम पावसाआधी कोण करणार ते लेखी मिळावं. मोजमाप करताना टेप धरायला, जुने उतारे शोधायला, सीएसआरचा प्रस्ताव टाइप करायला आमच्यातली रिकामी आणि रिटायर माणसं तयार आहेत, मी स्वतः कागदांचं सगळं बघायला तयार आहे, बोलावलं की येतो. आपल्या पेपरमधून हे पत्र छापलं तर इतर पेठांतल्या लोकांनीही आपापल्या भागातल्या पालिकेच्या अशा इमारती कोणत्या, कशा अवस्थेत आहेत ते लिहून पाठवावं, म्हणजे एकेका इमारतीचा वेगळा प्रस्ताव करण्यापेक्षा चार-पाच मिळून एकच मोठा अहवाल करता येईल, वास्तुविशारदाचा खर्चही त्यात कमी येतो आणि देणाऱ्यांपुढंही तो वजनदार दिसतो.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, सोलापूर